दुसरी चप्पल

गेल्या रविवारी माझ्या कथालेखनाच्या वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही आधी बातमीदार झालात की आधी लेखिका?" मी म्हटलं, आधी खिळे वेचणारी. मुलांना कळलं नाही. त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधीच छापखान्यांतून शिशाचे खिळे गेले. म्हणून आज सगळं नीट लिहून ठेवते आहे. त्यातला एक भाग मी आजवर वर्गात कधी पूर्ण सांगितलेला नाही. तोही लिहिणार आहे.

माझे बाबा खिळेजुळारी होते. कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या एका छोट्या छापखान्यात ते उभं राहून दिवसभर मजकूर जुळवायचे. शाळा सुटली की मी तिथं जायची आणि छापून झालेला मजकूर सोडवून खिळे परत ज्याच्या त्याच्या खणात टाकायची. लग्नपत्रिका, हळदीकुंकवाची आमंत्रणं, तालमीच्या गणेशोत्सवाच्या पावत्या, कुणाच्या तरी तेराव्याचं कार्ड. खिळ्यावर अक्षर उलटं असतं. उलटं वाचायची सवय लागली की शब्द झरझर वाचून पुढं पळता येत नाही. एकेक अक्षर बोटानं चाचपावं लागतं. काना चुकून शेजारच्या खणात पडला तर दुसऱ्या दिवशी बाबांच्या हाती तोच चुकीचा खिळा यायचा. ते रागवायचे नाहीत. तो खिळा माझ्या तळहातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "बघ, ह्याचं घर कुठलं?"

बाबांना रहस्यकथांचं वेड होतं. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि त्यातल्या निदान शंभर तरी आमच्या घरात येऊन गेल्या असतील. विकत कुठल्या, भाड्यानं. पेठेत एका दुकानाच्या फळीवर ती पुस्तकं रचलेली असायची, कोपरे दुमडलेली, पहिली चार पानं गळालेली. रोजचे काही पैसे भाडं. एका रात्रीत वाचून सकाळी परत केलं की एकाच दिवसाचे पैसे पडायचे, म्हणून आमच्याकडं वाचन रात्रीचंच. आई दिवा मालवायला सांगायची आणि बाबा म्हणायचे, "थांब गं, आता गुन्हेगार सापडायलाच आलाय." मोठी झाल्यावर करवीर नगर वाचन मंदिराची सभासद झाले. १८५० पासूनचं ग्रंथालय ते. तिथल्या टेबलावर वाचताना पहिल्यांदा लक्षात आलं की बाबांच्या पुस्तकांतला गुन्हा नेहमी मुंबईत घडतो. बंगला, मोटार, पिस्तूल. आमच्या पंचगंगेत, आमच्या उसात, आमच्या भावकीत काही घडत नाही असं थोडंच होतं? पण ते कुणी लिहीत नव्हतं, किंवा माझ्या हाताला लागत नव्हतं.

१९८९ साली एका दैनिकात उपसंपादक म्हणून चिकटले. दीड वर्षांनी गुन्ह्यांचं पान बघणारा माणूस नोकरी सोडून गेला आणि दुसरं कुणी तयार होईना, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. बाईमाणसानं रात्री पोलीस ठाण्यात जाणं घरात कुणाला पटलं नव्हतं. बाबा मात्र काहीच बोलले नाहीत. त्यांनी आपली जुनी सायकल तेलपाणी करून माझ्यासाठी दारात उभी केली.

रोज रात्री साडेनवाला फोनचा राउंड असायचा. शहरातली ठाणी झाली की करवीर, मग तालुक्याची. "नमस्कार, काय विशेष?" समोरून ठाणे अंमलदार म्हणायचा, "निरंक." हा शब्द मला फार आवडायचा. निरंक म्हणजे आज कुणाच्या घरी रडारड नाही. तो शब्द सगळीकडून आला की मी पेन खाली ठेवून चहा मागवायची. पण अशा रात्री थोड्या. बहुतेक वेळा काहीतरी असायचंच. बांध कोरल्यावरून डोक्यात खोरं घातलेलं. सावकाराच्या तगाद्याला कंटाळून औषध प्यायलेला. रंकाळा तलावात कुणीतरी. आणि अधूनमधून 'अनोळखी इसमाचा मृतदेह'. ही बातमी तीन ओळींची. चौथी ओळ मिळायची नाही, कारण ती पानाच्या तळाला, जाहिरात बसवून उरलेल्या जागेत जायची.

आमच्या डेस्कवर तयार वाक्यं असायची. 'घरगुती कारणावरून.' 'प्रेमप्रकरणातून.' 'घटनेचे नेमके कारण समजू शकले नाही.' 'पाय घसरून पडला असावा, असा पोलिसांचा अंदाज आहे.' खिळ्यांच्या खणांसारखीच ती ओळीनं मांडलेली असायची आणि उचलून लावली की मजकूर तयार. मी दोन-तीन वर्षांत त्यात पटाईत झाले. आमचे मुख्य उपसंपादक, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे, माझी कॉपी बघायचे सुद्धा नाहीत. थेट खाली पाठवायचे. मला त्याचा अभिमान होता.

आता तो भाग.

१९९४ चा सप्टेंबर. पावसाळ्यात आपल्याकडच्या बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढलेले असतात आणि पूर आला की अख्खा बंधारा पाण्याखाली जातो. पाणी ओसरलं की खांब उघडे पडतात आणि नदीनं वरून काय काय आणलं ते त्यांना अडकलेलं दिसतं. ओंडके, कडब्याच्या पेंढ्या, मेलेलं जनावर. त्या दिवशी माणूस होता. दुपारी मी ठाण्यात गेले तेव्हा पंचनामा नुकताच संपला होता आणि हवालदारांनी तो मला वाचायला दिला. पंचनाम्याची भाषा तुम्ही कधी वाचली नसेल तर जरूर वाचा. 'आम्ही खाली सह्या करणार पंच, आज रोजी पोलिसांनी बोलावल्यावरून समक्ष हजर राहून पंचनामा लिहून देतो की.' मग जागेची चतुःसीमा. पूर्वेस काय, पश्चिमेस काय, दक्षिणेस काय, उत्तरेस काय. मग प्रेत. वय अंदाजे ४५ ते ५०. बांधा सडपातळ, रंग सावळा. नेसणीस धोतर, अंगात पांढरी बंडी. उजव्या पायात काही नाही. डाव्या पायात कोल्हापुरी चप्पल, पट्ट्यास काळ्या रबराचा तुकडा पांढऱ्या दोऱ्याने शिवलेला.

ती ओळ मी वाचली होती. मला आजही आठवतं की मी ती वाचली होती. वहीत उतरवूनही घेतली होती.

रात्री बातमी लिहायला बसले तेव्हा तीनच ओळी होत्या. कारण काय लिहावं म्हणून ठाण्यात फोन केला. फोनवर जे कुणी होतं ते म्हणालं, "घेतलेली असणार हो, अशा वेळी तिकडं कोण जातंय?" मी लिहिलं, 'मद्यधुंद अवस्थेत पाय घसरून नदीत पडला असावा, असा पोलिसांचा अंदाज आहे.' हे वाक्य बसवायला जागा हवी होती. म्हणून चप्पल काढून टाकली.

बातमी छापून आल्यावर पाचव्या दिवशी एक बाई ऑफिसात आल्या. पन्हाळ्याच्या बाजूच्या एका खेड्यातल्या. हातात आमच्या पेपरचा तुकडा, घडी घालघालून मऊ पडलेला. त्यांना वाचता येत नव्हतं. गावच्या किराणा दुकानात साखर बांधून दिलेल्या कागदावरची ती बातमी त्यांच्या पुतण्यानं वाचून दाखवली होती. घरातून निघून गेलेल्या भावाचं वय जुळत होतं, धोतर-बंडी जुळत होती. त्या आधी ठाण्यात जाऊन आल्या होत्या. तोवर बेवारस म्हणून अंत्यविधी होऊन गेला होता. राखून ठेवलेले कपडे आणि ती एक चप्पल त्यांना दाखवली गेली. चप्पल हातात घेताक्षणी त्यांनी ओळखली. तुटलेला पट्टा त्यांनीच सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून दाभणानं शिवला होता. "ही शिवण माझ्या हातची हाय," त्या मला म्हणाल्या. मग त्यांनी तो पेपरचा तुकडा माझ्या टेबलावर ठेवला. "बाई, माझा दादा माळकरी हुता. पंढरीची वारी कधी चुकली न्हाई त्याची. ह्यात दारू कुठनं आणलीसा?"

गळ्यातली तुळशीची माळ नदीनं नेली होती.

माझ्याकडं सांगण्यासारखं काही नव्हतं. अण्णांनी त्यांना पाणी दिलं, चहा मागवला. त्यांनी चहा घेतला नाही. त्या गेल्यावर अण्णांनी माझी वही मागितली, ते पान काढलं आणि चप्पलेच्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी एवढंच विचारलं, "हे तुझ्याकडं होतं?" मी हो म्हटलं. ही एक ओळ छापली असती तर पुतण्यानं ती आधी वाचली असती की नाही, हे मला माहीत नाही. पण बातमी हाती पडल्यावर त्या वय आणि धोतर यांवर विसंबून घरात दोन दिवस 'तोच असेल का' म्हणत बसल्या होत्या. चपलेच्या शिवणीची ओळ ऐकली असती तर त्याच पावली निघाल्या असत्या. भावाचं तोंड बघायला मिळालं असतं.

दुसऱ्या दिवशी सहाव्या पानावर दोन ओळींचा खुलासा आला. काही महिन्यांनी व्हिसेराचा, म्हणजे शवविच्छेदनात राखून ठेवलेल्या अवयवांच्या तपासणीचा, अहवालही आला. त्यात अल्कोहोल नव्हतं. त्याची बातमी होत नव्हती, म्हणून मी ती करवून घेतली. चार ओळींची, नावगावासकट, माळकरी असल्याच्या उल्लेखासकट. अंक घेऊन एसटीनं त्या गावाला गेले आणि त्या बाईंच्या, म्हणजे अक्कांच्या, पुतण्याकडून तो वाचून घेतला. पण माणूस नदीत कसा गेला याचा छडा शेवटपर्यंत लागला नाही. आकस्मिक मृत्यू म्हणून प्रकरण मिटलं.

त्यानंतर मी पंचनामे वाचायचा सपाटा लावला. ठाण्यात, कोर्टात, वकिलांच्या ऑफिसात, जिथं मिळेल तिथं. त्यातून मी जे शिकले ते कुठल्याही पुस्तकातून शिकले नसते. चांगला पंचनामा लिहिणारा हवालदार 'भयानक' लिहीत नाही, 'दुर्दैवी' लिहीत नाही. तो लिहितो, 'चुलीवर तव्यात अर्धी भाजलेली भाकरी'. वाचणाऱ्याच्या पोटात कालवायचं ते त्या भाकरीनं कालवतं. आणि मुद्देमालाची खोली! लाखेचं सील, चिठ्ठी लावलेली गाठोडी, चिठ्ठीवर गुन्हा रजिस्टर नंबर. कुणाची तरी ओढणी, कुणाचं तरी विळ्याचं पातं, डबा, चपला. वर्षानुवर्षं ते तिथं असतं आणि एक मुद्देमाल कारकून त्या सगळ्याचा हिशेब ठेवतो. त्या खोलीत उभी राहिले तेव्हा मला माझी नायिका सापडली. गुप्तहेर नाही, मोठी अधिकारी नाही. मुद्देमाल सांभाळणारी हवालदार बाई. तिला वस्तूंवरच्या दुरुस्त्या दिसतात. ठिगळ कुणी लावलं, गाठ कुठल्या हाताची, डाग कुणी धुवायचा प्रयत्न केला. तपास बाहेर चालतो आणि उत्तर तिच्या खोलीत पडलेलं असतं.

पहिली कादंबरी २००३ साली आली. पहाटे साडेचार ते साडेसहा एवढाच वेळ माझा होता, त्यातच ती लिहिली, चार वर्षं. पुण्यातल्या एका प्रकाशकानं हजार प्रतींची आवृत्ती काढली. ती संपायलाही चार वर्षं लागली. पैशाचं विचाराल तर तिच्या मानधनात एक लोखंडी कपाट आलं. ते अजून आहे, त्यात कात्रणं आहेत.

दुसऱ्या कादंबरीत मी प्रेत उसात टाकलं. आपल्याकडं ऊस वाढला की आत काय आहे ते तोड होईपर्यंत दिसत नाही, हे इथं सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं कल्पना मला फार चांगली वाटली होती. पुस्तक आलं आणि हातकणंगले तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकाचं पोस्टकार्ड आलं. त्यांनी लिहिलं होतं, 'तुमच्या कथेत लावण जुलैची आहे आणि तोड पुढच्याच फेब्रुवारीत दाखवली आहे. जुलैची लावण म्हणजे आडसाली. तिला सोळा ते अठरा महिने लागतात. तुमच्या तोडीच्या वेळी ऊस कोवळा आहे, कारखाना घेणार नाही.' ते शंभर टक्के बरोबर होते. खून जुलैत व्हायला हवा होता, कारण त्या महिन्यातला पाऊस कथेला लागत होता. तोड फेब्रुवारीत व्हायला हवी होती, कारण टोळीतली एक ऊसतोड बाई साक्षीदार होती आणि मार्चनंतर ती बीडकडं परतली असती. शेवटी दुसऱ्या आवृत्तीत लावण आदल्या वर्षीच्या ऑगस्टची केली. त्यामुळं खुनाच्या वेळी ऊस वर्षाचा, डोक्याच्या वर गेलेला झाला आणि प्रेत टाकणाऱ्याला आत शिरताना पाचटानं हात कापून घ्यावे लागले. ते कापलेले हातच पुढं त्याला भोवले. अख्खी कादंबरी त्या पोस्टकार्डानं सुधारली. ते कार्ड लोखंडी कपाटात, सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवलं आहे.

२०११ ला मी नोकरी सोडली. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. पान लावायची पद्धत बदलली, रात्रीचे राउंड गेले, ठाण्यातून बातमी आयती मोबाइलवर यायला लागली. ज्या कामासाठी मी होते ते काम संपलं होतं. २०१२ पासून रविवारी सकाळी राजारामपुरीत एका शाळेच्या खोलीत वर्ग घेते. बारा-पंधरा जण असतात. कागलहून येणारा मुलगा आहे, इचलकरंजीच्या यंत्रमागावरचा एक कामगार आहे, निवृत्त तलाठी आहेत, दोन गृहिणी आहेत. त्यातल्या एकीच्या घरी ती क्लासला जाते हे अजून माहीत नाही.

नवीन आलेल्या बहुतेकांच्या पहिल्या कथेत परदेशी मालिकेतला खुनी असतो. ओळीनं सात खून, प्रत्येक प्रेताजवळ चिठ्ठी. मी त्यांना थांबवते. विचारते, तुझ्या गावात गेल्या वीस वर्षांत कुणाचा जीव गेला? कशावरून? मग हळूहळू बाहेर येतं. विहिरीच्या पाण्याची पाळी. वाटणीत गेलेली आंब्याची चार झाडं. पतसंस्थेत अडकलेली ठेव. सोसायटीच्या निवडणुकीत फुटलेलं एक मत. भावाभावांत बारा वर्षं अबोला आणि मधे हातभर बांध. त्या हातभर बांधात जेवढं रहस्य आहे तेवढं कुठल्या बंगल्यात असणार? दोघं भाऊ एकाच ताटात जेवलेले असतात. कोणता भाऊ कुठल्या कुशीवर झोपतो हे दुसऱ्याला माहीत असतं. असा खून लिहायला सगळ्यात अवघड.

दुसरी हमखास चूक म्हणजे शेवटी इन्स्पेक्टर आरोपीला दरडावतो, आरोपी धाय मोकलून रडतो, सगळं कबूल करतो आणि कथा संपते. कथा संपत नाही. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते २५ वं कलम होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम आला, त्यात २३ वं. मात्र कोठडीतल्या आरोपीनं सांगितलं की 'कोयता अमुक ठिकाणी पुरला आहे' आणि तो खरंच तिथं सापडला, तर तेवढा भाग वापरता येतो. म्हणून पोलीस दोन पंचांसमोर मेमोरँडम पंचनामा करतात. हे कळलं की गोष्टीचा जीव कबुलीतून निघून त्या खड्ड्यात जातो. कोयता कुठं आहे, कुणी बघितला, पंच कोण होते, ते उलटतपासणीत टिकतील का. कितीतरी खटले पंच फितूर झाल्यानं पडतात. गावातला पंच, आरोपी त्याच्याच भावकीतला, रोज एकाच पारावर बसायचं. त्या पंचाच्या मनातली घालमेल ही मला खुन्याच्या मनापेक्षा मोठी कादंबरी वाटते.

कायदे बदलल्यावर मलाही पुन्हा अभ्यास करावा लागला. आमच्या पिढीच्या जिभेवर ३०२ बसलेलं. आता भारतीय न्याय संहितेत खुनाची शिक्षा १०३ मध्ये आहे. आकस्मिक मृत्यूचं १७४ होतं, ते नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १९४ झालं. झडती-जप्तीचं चित्रीकरण शक्यतो मोबाइलवर करायचं, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञानं जागेवर यायचं, अशा तरतुदी आल्या. वर्गातल्या तलाठी काकांनी त्यावर चांगला प्रश्न विचारला. चित्रीकरण असताना पंचनामा लिहायची गरज काय? मी त्यांना तेव्हा पटकन उत्तर दिलं नाही. घरी येऊन विचार केला. कॅमेरा सगळंच टिपतो. पट्ट्यावरचा रबराचा तुकडाही टिपेल. पण तो पांढऱ्या दोऱ्यानं शिवलाय, हे महत्त्वाचं आहे असं कुणीतरी थांबून म्हणावं लागतं. ते म्हणणारा माणूस म्हणजे लिहिणारा.

म्हणून माझ्या वर्गाचा पहिला महिना पंचनाम्याचा. मुलांना रंकाळ्यावर नेते. प्रत्येकानं एक हात बाय एक हात जागा निवडायची, वीस मिनिटं बघायचं आणि लिहायचं. चतुःसीमा आधी. 'बहुतेक', 'जणू', 'असावा' हे तीन शब्द बंद. सुरुवातीला मुलं चिडतात. कथा शिकायला आलो, हे काय कारकुनी काम, असं एकजण तोंडावर म्हणाला होता. त्याच मुलानं चौथ्या आठवड्यात लिहून आणलं, 'पश्चिमेस दगडी कठडा. कठड्यावर भेळेचा कागद, त्यात चार चुरमुरे. कागदावर गणिताची उदाहरणे, लाल शाईत शून्य गुण.' वर्गात क्षणभर कुणी बोललं नाही. त्या कागदाच्या मागं एक लेकरू उभं राहिलं होतं.

अक्कांचं राहिलं. पहिली कादंबरी आली तेव्हा तिची एक प्रत घेऊन मी त्यांच्या गावी गेले होते. नाव, गाव, सगळं बदललेलं होतं, पण नदी होती, माळ होती आणि शिवलेली चप्पल होती. त्यांच्या नकळत ते पुस्तक जगात फिरावं हे मला बरोबर वाटत नव्हतं. नऊ वर्षं झाली होती. त्यांनी मला लगेच ओळखलं. पायावर पाणी घातलं, गुळाचा खडा आणि तांब्या पुढं केला. पुतण्या आता शिक्षक झाला होता. सोप्यात बसून त्यानं कादंबरीतली चप्पल असलेली प्रकरणं मोठ्यानं वाचली. शेवटचं प्रकरणही वाचलं, ज्यात गुन्हेगार सापडतो. कादंबरीत मी तो शोधून दिला होता. बहिणीला कळतं की तिच्या भावाला कुणी ढकललं आणि का.

अक्का भिंतीला टेकून ऐकत होत्या. वाचून संपल्यावर त्या उठल्या, आत गेल्या आणि एक गाठोडं घेऊन आल्या. पोलिसांनी परत दिलेली ती चप्पल. कातडं वाळून वाकलं होतं, ट्यूबचा तुकडा चिरला होता, पण पांढरा दोरा जशाचा तसा होता. टाका आडवा, मग तिरपा, मग पुन्हा आडवा. त्यांनी ती माझ्या पुढं जमिनीवर ठेवली, आपल्या घरी आलेल्या माणसाची ठेवतात तशी सरळ करून.

"तुमच्या पुस्तकात दुसरी गावली का?" त्यांनी विचारलं.

मला कळलं नाही.

"दुसरी चप्पल वं. एक पायात हुती. दुसरी कुठं गेली ते लिवलंय का?"

मी म्हटलं, "नाही अक्का. नाही लिहिलं."

त्यांनी मान हलवली. रागानं नाही. "पाण्यात ग्येली आसंल, तर एक का ऱ्हायली? काठावर ऱ्हायली आसंल, तर कुणीतरी उचलली आसंल. मी लई दिस ती चप्पल लोकांच्या पायात बघत फिरले, बाई. बाजारात, जत्रंत. खालीच बघत चालायची."

चार वर्षं मी त्या कादंबरीवर बसले होते. कारण शोधलं, हत्यार शोधलं, वेळापत्रक बसवलं. आणि जी बाई नऊ वर्षं मान खाली घालून लोकांच्या पायांकडं बघत चालत होती, ती माझ्या कादंबरीत कुठंच नव्हती. कादंबरीतली बहीण दारात बसून रडायची.

तिसरी कादंबरी तिथून सुरू झाली. त्यातली बाई बाजारात मान खाली घालून चालते. ती लिहिताना मी सुभाषनगरात चपला करणाऱ्या एका कारागिरांकडं महिनाभर बसले. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं पाण्यात किती फुगतं, किती दिवसांनी वाकडं होतं, वादी सुटते की आधी अंगठा सुटतो, हे सगळं त्यांनी करून दाखवलं. डावा-उजवा पाय सारखा झिजत नाही, चालणाऱ्याची सवय तळावर उमटते, हे त्यांनीच सांगितलं. त्यांच्या पत्नी चपलेची वेणी घालता घालता म्हणाल्या, "आमी केलेली चप्पल गर्दीत बी वळखू येती." मी ते वाक्य जसंच्या तसं घेतलं. त्यांना विचारून घेतलं.

अक्का आता नाहीत. तिसऱ्या कादंबरीचं पुस्तक त्यांच्यापर्यंत पोचलं. पुतण्यानं नंतर फोनवर सांगितलं की त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं.

वर्गात 'दुसरी चप्पल कुठाय?' हा आता ठरलेला प्रश्न झाला आहे. कुणाची कथा वाचून झाली की मी विचारायच्या आधी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं. तो कुठून आला हे मात्र आजपर्यंत मुलांना माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, मॅडमची काहीतरी लेखनाची युक्ती आहे.

या रविवारी बहुतेक वर्ग भरणार नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेचं पाणी चढतंय. एकोणचाळीस फुटांवर इशारा पातळी, त्रेचाळीसला धोका. पण त्याच्या कितीतरी आधी चिखली-आंबेवाडीकडच्या लोकांची आवराआवर सुरू होते आणि आमच्यातल्या दोघी तिकडच्याच आहेत. त्यांनी आधी जनावरं आणि धान्य हलवावं. बाकीच्यांसाठी ग्रुपवर गृहपाठ टाकते आहे. घरातली एक दुरुस्त केलेली वस्तू शोधा. शिवलेली, डाख दिलेली, तारेनं बांधलेली, काहीही. तिचा पंचनामा लिहा, चतुःसीमेसकट. दुरुस्ती कुणी केली ते घरात विचारा. विचारल्यावर समोरच्यानं त्या वस्तूला हात कसा लावला तेही लिहा.